जखमांसह उठलेला

येशू कबरेतून बाहेर येत असताना त्याला कोणीही पाहिले नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत त्या क्षणाचे वर्णन नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने दफन झाले, शनिवार शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस होता, आणि रविवारी पहाटे काही स्त्रिया कबरेपाशी गेल्या तेव्हा ती रिकामी होती. आत नेमके काय घडले, यावर चौघेही गप्प आहेत.

ज्या घटनेवर सगळा धर्म उभा आहे, तिचे वर्णन करण्याचा मोह लेखकांनी टाळावा, हे विलक्षण आहे. पुढच्यांना तो आवरला नाही. दुसऱ्या शतकातील 'पेत्राचे शुभवर्तमान' नावाच्या ग्रंथाचा काही भाग १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अख्मीम येथे एका थडग्यात सापडला. त्यात कबरेवरचा दगड आपणहून बाजूला होतो, आभाळापर्यंत डोके पोचलेले दोन पुरुष तिसऱ्याला आधार देत बाहेर आणतात आणि त्यांच्या मागोमाग क्रूस चालत येतो, बोलतोसुद्धा. असे दृश्य पहारेकऱ्यांनी पाहिले असते तर शंकेला जागाच उरली नसती. तरी ख्रिस्तसभेने हा ग्रंथ बायबलमध्ये घेतला नाही. तिने ठेवल्या त्या चार संयमी कथा, ज्यांचे तपशील एकमेकांशी पुरते जुळतही नाहीत. कबरेवर किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक होता की दोन, शिष्यांना येशू यरुशलेमेत भेटला की गालीलात, या प्रत्येक प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मिळतात.

त्यांत मार्कची कथा सर्वांत जुनी, साधारण इसवी सन ७० च्या सुमाराची. चौथ्या शतकातील सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत ती जिथे थांबते, तिथे वाचक चक्रावतो. येशू उठला आहे, शिष्यांना जाऊन सांगा, असे स्त्रियांना सांगितले जाते आणि त्या थरथरत पळून जातात, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. बस, कथा संपली. पुढच्या बारा ओव्या नंतर कोणीतरी जोडल्या, यावर आज बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मला मार्कचा हा शेवट चारही ग्रंथांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. मेलेला माणूस उठला हे ऐकून ज्याला आधी भीती वाटत नाही, त्याने ते नीट ऐकलेलेच नसते.

पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. लूक तर मोकळेपणाने सांगतो की प्रेषितांना बायकांचे बोलणे वायफळ वाटले. कथा रचूनच सांगायची असती तर मरीया मग्दालीयेला कोणी पुढे केले नसते. चारही कथांत मात्र तिचे नाव आहे.

इतिहासकार इथे कुठवर जाऊ शकतो? पंतय पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहुदियाचा रोमन सुभेदार होता आणि त्याच्या हुकुमाने येशूला क्रूसावर मारले, यावर गंभीर अभ्यासकांत वाद नाही. क्रूसावर मारलेल्याचे रीतसर दफन होत असे का, हा प्रश्न मात्र होता. १९६८ साली यरुशलेमच्या ईशान्येला गिवत हामिव्तार येथे एका कुटुंबाच्या थडग्यात अस्थींची दगडी पेटी सापडली. तिच्यावर येहोहानान हे नाव कोरलेले होते आणि आत टाचेचे एक हाड होते, ज्यात सुमारे साडेअकरा सेंटीमीटरचा लोखंडी खिळा अजून रुतलेला होता. क्रूसावर गेलेल्या निदान एका माणसाला त्याच्या माणसांनी परत नेऊन मातीत ठेवले होते. येशूच्या कबरेबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, पण असे घडू शकत होते एवढे कळते.

यापुढची कागदोपत्री साक्ष शुभवर्तमानांहूनही जुनी आहे. प्रेषित पौलाने इसवी सन ५४ च्या आसपास करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो एक यादी देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, कैफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला आणि शेवटी मला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो सांगतो. ही यादी माझी नाही, मला मिळालेली मी तुमच्या हाती दिली, हे तो स्पष्ट करतो. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर फार तर काही वर्षांतच त्याचे अनुयायी हे ठरलेल्या शब्दांत सांगू लागले होते. विखुरलेले, घाबरलेले, आपला गुरू गुन्हेगार म्हणून मेलेला पाहिलेले लोक असे का बोलू लागले, हे इतिहासाला समजावून सांगावेच लागते. ते बरोबर होते का, याचे उत्तर इतिहास देत नाही. तिथून श्रद्धा सुरू होते.

पण ते नेमके काय सांगत होते? मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, कारण मृत्यूनंतरच्या गोष्टींसाठी आपल्याकडे तयार चौकटी आहेत. आत्मा अमर आहे, देह बदलतो, कर्माप्रमाणे पुढचा जन्म मिळतो. पुनरुत्थान या चौकटीत बसत नाही. त्यात दुसरा जन्म नाही आणि दुसरे आयुष्यही नाही. हेच आयुष्य, हाच माणूस, त्याच्या नावासकट. शिवाय ते पुन्हा जिवंत होणेही नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लाजराला चार दिवसांनी कबरेतून बाहेर बोलावतो, पण लाजर पुढे म्हातारा होऊन कधीतरी मेलाच असणार. येशूच्या बाबतीतला दावा निराळा आहे. तो मृत्यूकडून मागे परतला नाही, मृत्यू ओलांडून पलीकडे गेला. करिंथकरांनाही हे समजायला जड गेले असावे, म्हणून पौल त्यांना शेतातले उदाहरण देतो. पेरतो ते दाणे, उगवते ते रोप. दोन्ही एकच, तरी दाण्याकडे पाहून रोपाची कल्पना येत नाही.

ग्रीकांनाही हे पचले नाही. अथेन्समध्ये पौल बोलत होता तोवर लोक ऐकत होते, मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काहींनी टिंगल सुरू केली. त्यांच्यातल्या शिकलेल्यांच्या डोक्यात प्लेटो होता. आत्मा देहाच्या तुरुंगात अडकला आहे आणि मरण म्हणजे सुटका. मग सुटलेल्याला पुन्हा देह कशाला? ऑस्कर कुलमान या फ्रेंच अभ्यासकाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी शेजारी मांडले. सॉक्रेटिस शांतपणे, शिष्यांशी बोलत बोलत विषाचा प्याला पितो. येशू गेथशेमाने बागेत घामाघूम होतो, हा प्याला टळू दे म्हणून देवाला विनवतो, मित्रांनी जागे राहावे म्हणून आर्जवे करतो. कुलमानच्या मते ख्रिस्ती विचारात मृत्यू हा मित्र नव्हे, शत्रू आहे. तो जसा आहे तसा भयंकर मानला, तरच त्याच्यावरच्या विजयाला अर्थ राहतो. पुढच्या शतकांत ख्रिस्ती लोकांनी प्लेटोचा आत्मा इतका आपलासा केला की आज अनेक ख्रिस्तीही पुनरुत्थान म्हणजे मेल्यावर आत्मा स्वर्गात जाणे असेच समजतात. बायबलचा रोख तसा नाही.

तो रोख कुठून आला, हे समजले की आशेचा अर्थ उलगडतो. इस्राएलच्या जुन्या ग्रंथांत मृत्यूनंतरच्या जीवनाबद्दल फारच थोडे सापडते. मेलेले अंधाऱ्या अधोलोकात जातात, एवढेच. मेलेले उठतील ही कल्पना ठसठशीत झाली ती छळाच्या काळात. इसवी सनापूर्वी १६७ मध्ये राजा अंतियुख चौथा याने यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि न ऐकणाऱ्यांना ठार मारले. म्हणजे देवाशी एकनिष्ठ राहिले, नेमके तेच मेले आणि नियम मोडणारे वाचले. मग देव न्यायी कसा? दानिएलाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय या प्रश्नातून आला आहे. मकाबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा आहे. त्यांतला एक भाऊ जल्लादापुढे आपले हात स्वतःहून पुढे करतो. हे मला देवाने दिले, ते त्याच्याकडूनच मला परत मिळतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हात परत मिळतील. ही अमरत्वाची हौस नाही. हा न्यायाचा दावा आहे. सत्तेने जे तोडले, ते तुटलेले राहू देणार नाही, असे देवाच्या नावाने केलेले विधान आहे. येशूच्या काळच्या यहुदी पंथांपैकी परुशी हे मानत, सदूकी मानत नसत. सदूकी मंदिराचे सत्ताधारी आणि रोमनांशी जुळवून घेणारे होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांचे आज बरे चालले आहे, त्यांना मेलेल्यांच्या हिशेबाची घाई नसते.

आता येशूच्या क्रूसाकडे पाहा. क्रूस ही रोमची शिक्षा होती, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली. तो धर्मद्रोही आहे असे धर्मसभेने ठरवले, तो राजद्रोही आहे असे सुभेदाराने. दोन्ही निकाल लागले, अंमलात आले, वर अपील नव्हते. अशा वेळी शिष्य रस्त्यावर येऊन काय म्हणतात? तुम्ही त्याला मारले, देवाने त्याला उठवले. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील पेत्राच्या भाषणांत हा सूर पुन्हा पुन्हा येतो. पुनरुत्थान म्हणजे देवाने त्या निकालावर फिरवलेली रेघ. म्हणून ते केवळ आनंदाचे वर्तमान नव्हते, ज्यांनी निकाल दिला त्यांच्यासाठी ती धास्तीची बातमी होती.

आणि उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा होत्या. थोमा या शिष्याने हट्ट धरला की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, आणि येशूने त्याला हात दाखवले, कूस दाखवली. सर्वशक्तिमान देवाला सगळे पुसून नवा, नितळ देह देता आला नसता का? कथा सांगणाऱ्याने खुणा ठेवल्या. ख्रिस्ती आशा झालेले झाले नाही असे म्हणत नाही.

हे रंगांत पाहायचे तर फ्रान्समधील कोलमार गावच्या संग्रहालयातील इझेनहाइमचे वेदीचित्र पाहावे. मॅथियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने ते १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या अंतोनी मठासाठी काढले. त्या मठात 'संत अंतोनीची आग' या रोगाने पछाडलेल्यांची शुश्रूषा होत असे. राय या धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा तो रोग, अंगाची आग करणारा आणि हातपाय सडवणारा. पुष्कळांचे अवयव कापावे लागत. ग्रुनेवाल्डने क्रूसावरच्या येशूचा देह फोडांनी भरलेला, हिरवट, बोटे पिळवटलेली असा रंगवला. रोग्याने वर पाहिले तर त्याला आपलेच अंग दिसावे असा. सणाच्या दिवशी चित्राची दारे उघडली की आत पुनरुत्थान दिसे. प्रकाशाच्या मोठ्या गोलात तोच येशू वर उठतो आहे, कातडी स्वच्छ, फोड गेलेले, पण तळहात, पाय आणि कूस यांवरच्या खुणा तशाच, तेजस्वी. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या आजारी माणसांना त्या चित्राने काय दिले असेल, हे सांगायला धर्मशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

पूर्वेकडच्या चित्रकारांनी दुसरी बाजू दाखवली. इस्तंबूलमधील खोरा या जुन्या चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे भित्तिचित्र आहे. त्यात ख्रिस्त एकटा उठत नाही. एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला मनगटाला धरून तो कबरांतून ओढून काढतो आहे. पायाखाली मृत्युलोकाची मोडलेली दारे आणि विखुरलेली कुलपे आहेत. पश्चिमेने एकट्या विजयी ख्रिस्ताचे चित्र जास्त काढले. पूर्वेचे चित्र पौलाच्या अधिक जवळचे आहे, कारण त्याच्या लेखी ख्रिस्त हे पहिले फळ आहे आणि पीक अजून यायचे आहे.

देहाला इतके महत्त्व असल्यामुळे मृत देहाचे काय करायचे हाही प्रश्न श्रद्धेचाच झाला. शतकानुशतके ख्रिस्ती लोकांनी दफन केले. १८८६ मध्ये रोमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेने दहनाला बंदी घातली, कारण युरोपात त्या काळी दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत पुनरुत्थान नाकारण्यासाठीच तो करणारे बरेच होते. १९६३ मध्ये ही बंदी उठली. देवाला राखेतून माणूस उभा करणे जड नाही, ही गोष्ट तर पहिल्या शतकांतील हुतात्म्यांच्या वेळीच मान्य झाली होती. २०१६ च्या सूचनेत दफनाला प्राधान्य कायम ठेवून एवढेच सांगितले की राख विखरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी एकत्र ठेवावी. मेलेल्या माणसाला पत्ता असावा, नाव असावे, हा त्यामागचा आग्रह आहे.

विसाव्या शतकात आशेला ख्रिस्ती विचाराच्या मध्यभागी परत आणले ते जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी. १९४३ च्या जुलैत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॅम्बुर्ग जाळले, तेव्हा सतरा वर्षांचे मोल्टमान विमानविरोधी तोफेवर होते. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने मेला, ते वाचले. घरात धर्माचे वातावरण फारसे नव्हते. युद्धकैदी म्हणून ते बेल्जियम, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या छावण्यांत राहिले. तिथे त्यांना बेल्सन आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांचे फोटो दाखवण्यात आले. आपण कोणाच्या बाजूने लढलो, हे तेव्हा कळले. सैन्यातल्या एका पाद्र्याने दिलेल्या बायबलमध्ये त्यांनी विलापाची स्तोत्रे वाचली, मार्कच्या शुभवर्तमानातील क्रूसावरचा तो आक्रोश वाचला, ज्यात येशू देवाला विचारतो की तू मला का टाकलेस. हा मला ओळखतो, असे त्यांना वाटले.

१९६४ मध्ये त्यांचे 'आशेचे धर्मशास्त्र' जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला विचार थोडक्यात असा: पुनरुत्थान हे देवाने दिलेले वचन आहे, आणि वचन मिळालेला माणूस आजच्या स्थितीशी तह करू शकत नाही. आशा माणसाला शांत करत नाही, बेचैन करते. सगळे हळूहळू सुधारेल, असा तर्क आशावादी माणूस आजूबाजूला पाहून करतो, आणि आजूबाजूला उलटे दिसू लागले की तो तर्क कोसळतो. ख्रिस्ती आशेची सुरुवातच सगळे संपल्यावर, दगड लोटलेल्या कबरेपाशी होते. म्हणून तिला चांगल्या बातमीची वाट पाहावी लागत नाही.

हे निव्वळ पुस्तकी राहिले नाही. १९८९ च्या नोव्हेंबरात एल साल्व्हादोरच्या सैनिकांनी राजधानीतील विद्यापीठात शिरून सहा जेझुइट पाद्री, त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी स्त्री आणि तिची कोवळ्या वयाची मुलगी यांना ठार केले. एकाचा मृतदेह ज्या खोलीत ओढून नेला, तिथे कपाटातून पडलेले एक पुस्तक रक्तात भिजले. ते मोल्टमान यांचे 'क्रूसावरचा देव' होते. जून २०२४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी मोल्टमान वारले.

या आशेचा गैरवापरही झाला आहे आणि तो दडवणे बरोबर नाही. आज सोसा, स्वर्गात मिळेल, असे सांगून मालकांनी गुलामांना गप्प बसवले. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास छाटलेले बायबल छापले गेले. योसेफ गुलाम झाला ती कथा त्यात होती. इस्राएली लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटून समुद्र ओलांडतात, ती कथा काढून टाकली होती. आशा अफूसारखी वापरायची असली तर आधी बायबलवर कात्री चालवावी लागते, हे त्या छापणाऱ्यांना पुरते कळले होते.

मराठीत ही कथा चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत, पण मराठी ओवीत. आज वसईपासून विदर्भापर्यंत कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री जागरणाची मिस्सा होते. बाहेर अंगणात अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच कण खोचलेले असतात. मग अंधाऱ्या चर्चमध्ये ती आणली जाते आणि तिच्यावरून एकेक जण आपली मेणबत्ती पेटवून घेतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही एकदा तिथे जावे. दार सर्वांना उघडे असते. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तेवढे उभे राहू नये, मागच्या बाकावर बसून ऐकावे. त्या रात्री जुन्या करारातले सात उतारे वाचायची रीत आहे. वेळ कमी असेल तर त्यांतले काही गाळता येतात. गुलामीतून सुटून समुद्र ओलांडण्याचा उतारा मात्र गाळायचा नाही, असा नियम आहे.